हजेरीपट कोण वाचतो?

(जयपूर येथील अभ्यास शिबिरात रेल्वे व टपाल खात्यातील मराठी सभासदांसमोर झालेले भाषण)



सकाळच्या सत्रात पेन्शन, रिक्त जागा, बदल्या यांवर भरपूर चर्चा झाली. जेवणानंतरचे सत्र आमच्या वाट्याला आले आहे आणि विषय दिला आहे ग्रामीण विकासाची शासनव्यवस्था. विषयाचे नाव ऐकूनच अर्ध्या मंडळींना झोप येईल याची आम्हाला कल्पना आहे. पंक्तीत एका टपालबंधूंनी विचारलेच, "सेक्रेटरीसाहेब, आपण केंद्र सरकारचे नोकर. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेशी आपला संबंध काय?"

प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्यांनी आपली पगारपत्रिका काढून पाहावी. व्यवसाय कर म्हणून एक कपात दिसेल. हा कर 1975 च्या कायद्याने लागू झाला आणि त्याचे कारण होते रोजगार हमी योजना. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बिनकामाच्या माणसासाठी वर्गणी द्यावी, असा तो विचार. म्हणजे पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ता यांत तुमचे आमचे पैसे आहेत. ज्याचे पैसे त्याने हिशेब विचारावा, एवढे तर मॅट्रिक झालेल्या माणसालाही कळते.

दुसरे उत्तर घरचे आहे. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मांडीवरचे मूल होतो. आई कामावर जायची, सुकडी घेऊन यायची, हे आम्ही तिच्याच तोंडून ऐकले. पुढे रोजगार हमीच्या कामांवरही ती जात राहिली. आम्ही तिसरी-चौथीत असताना एकदा तिच्याबरोबर पगाराला गेलो. नवीन वाचायला शिकलेले पोर दिसेल ते वाचते. मुकादमाने मस्टर पुढे केले, आईने अंगठा उठवला आणि आम्ही तिच्या नावापुढचा आकडा मोठ्याने वाचला : सहा दिवस. मुकादमाने मस्टर फटकन मिटले. आईच्या हातात पाच दिवसांचे पैसे पडले. परतताना आईने मुकादमाला काही म्हटले नाही, आम्हालाच दोन धपाटे घातले. पुढच्या आठवड्यात कामावर घेतले नाही तर काय, ही तिची भीती होती. त्या मस्टरवर बायका बऱ्याच होत्या. वाचता येणारे आम्ही एकटे, आणि आमचे वय नऊ.

तो मुकादम शासनाचा सगळ्यांत खालचा माणूस. त्याच्या वर अभियंता, त्याच्यावर तहसीलदार, मग जिल्हाधिकारी, मग मंत्रालय. एवढी उतरंड उभी होती आणि एक दिवसाची मजुरी कोणाच्याच लक्षात आली नाही. का आली नाही, हे समजून घ्यायला जयपूरसारखी दुसरी जागा नाही.

आम्ही 1991 साली रेल्वेत गँगमन म्हणून लागलो, तेव्हा जयपूर आणि अजमेर हे दोन्ही विभाग पश्चिम रेल्वेत होते आणि हुकूम चर्चगेटहून सुटत. इकडे मराठी मंडळी आली त्याचे हेही एक कारण. 1 ऑक्टोबर 2002 पासून उत्तर पश्चिम रेल्वे झाली आणि मुख्यालय या शहरात आले. तेव्हा सत्ता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेली की कोणाचे काम सोपे होते आणि कोणाचे अवघड, हे तुम्हाला शिकवायची गरज नाही.

आता इतिहास थोडक्यात सांगतो. 2 ऑक्टोबर 1952 ला देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गट पडले, गटविकास अधिकारी नेमले गेले, जीपगाड्या आल्या. पाच वर्षांनी बळवंतराय मेहता यांच्या अभ्यासगटाने पाहणी केली आणि 1957 च्या अहवालात सांगितले की हा कार्यक्रम सरकारी माणसांचा राहिला, लोक त्यात उतरलेच नाहीत. उपाय सुचवला तीन पायऱ्यांचा : गावाला पंचायत, गटाला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद, आणि अधिकार लोकांनी निवडलेल्या माणसांकडे. हे पहिल्यांदा अंमलात आणले राजस्थानने. मोहनलाल सुखाडिया मुख्यमंत्री होते. 2 ऑक्टोबर 1959 ला पंडित नेहरूंनी नागौरला त्याचे उद्घाटन केले. जोधपूर-बिकानेर मार्गावर काम केलेल्यांना नागौर स्टेशन माहीत आहे. देशातले पंचायत राज तिथे जन्मले.

महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीचा अहवाल घेऊन 1961 चा कायदा केला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू केल्या. दोन्हीकडे पायऱ्या तीनच, पण वजन वेगवेगळ्या पायरीवर. राजस्थानने जोर दिला पंचायत समितीवर, महाराष्ट्राने जिल्हा परिषदेवर. नावेही वेगळी. आपण ज्याला पंचायत समितीचा सभापती म्हणतो तो इथे प्रधान, आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष इथे जिल्हा प्रमुख. (आपल्याकडे जिल्हाप्रमुख म्हटले की पक्षाचा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथल्या बांधवांशी बोलताना आमचा पहिल्या दिवशी चांगलाच गोंधळ उडाला.) आपला तलाठी इथे पटवारी. कामावर हजेरी घेणारा आपल्याकडे मुकादम, इथे मेट. गँगमध्ये काम केलेल्यांना मेट कोण हे वेगळे सांगायला नको.

पण नागौरला दिवा लावून राज्य चालत नाही. राजस्थानात पंचायतीच्या निवडणुका 1965 ला झाल्या, त्यानंतरच्या थेट 1978 ला. तेरा वर्षे! आपणही हसू नये. 2022 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तिथे प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. निवडणुका ठरल्या वेळी घ्याव्यात, महिलांना किमान एक तृतीयांश जागा द्याव्यात, हे घटनेतच लिहिले गेले ते त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने, 24 एप्रिल 1993 पासून. पंचायतींकडे सोपवण्यासारखे 29 विषयही घटनेच्या अकराव्या अनुसूचीत घातले. विषय सोपवायचे की नाही, किती सोपवायचे, हे मात्र राज्यांच्या मर्जीवर ठेवले. विषय आले, पण माणसे आणि पैसा बरोबर आला नाही, ही सरपंचांची तक्रार तुम्ही आपापल्या गावी ऐकली असेलच.

पैशाची वाट तर पाहण्यासारखी आहे. दिल्लीच्या योजनांचा पुष्कळसा पैसा जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडे थेट यायचा. ही यंत्रणा म्हणजे नोंदणी केलेली संस्था. निवडून आलेली जिल्हा परिषद एका बाजूला आणि पैशाची थैली दुसऱ्या बाजूला. 2014-15 पासून हा पैसा राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळासाठी पंचायतींना दोन लाख कोटींच्या वर अनुदान दिले, तेही फक्त ग्रामपंचायतींना. मधल्या दोन पायऱ्या कोरड्या. पंधराव्या आयोगाने तिन्ही पायऱ्यांना पुन्हा वाटा दिला, पण मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून टाकला. प्रत्येक वेळी नकाशा दिल्लीत बदलतो आणि गावात सरपंच नवीन खाते उघडायला बँकेत जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. रेल्वेत बोर्ड आहे, झोन आहे, विभाग आहे, सेक्शन आहे. रुळाला तडा गेला तर आधी कोणाला दिसतो? रोज पायी चालणाऱ्या कीमनला. तो काय करतो? चर्चगेटला अर्ज करत नाही. लाल झेंडी दाखवतो आणि राजधानी एक्सप्रेससुद्धा जागेवर उभी राहते. सगळ्यांत खालच्या माणसाला गाडी थांबवायचा अधिकार आहे, म्हणून वरची व्यवस्था सुरक्षित चालते. ग्रामविकासाच्या उतरंडीत ही लाल झेंडी कोणाकडे होती? आमच्या आईकडे तर नव्हती.

ती झेंडी मिळवायचे काम राजस्थानच्या मजुरांनी केले, आणि तेही याच जयपूर-अजमेर लाइनच्या आसपास.

मदनगंज-किशनगढ स्टेशन तुम्हाला माहीत आहे. तिथून हरमाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुष्काळी काम चालले होते. मजुरांत बहुसंख्य बायका, त्याही दलित. टोळीने काम करायचे, पंधरवड्याने मोजमाप व्हायचे आणि मोजमापात जे बसेल त्याची वाटणी व्हायची. किमान वेतन होते सात रुपये, पण पुष्कळ जणींना तेवढेही मिळत नव्हते. सरकारचे म्हणणे असे की दुष्काळी कामांना कामगार कायदे लागू नाहीत, तसा राज्याचा 1964 चा कायदाच आहे. संजित राय हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. 1983 मध्ये न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे म्हणजे घटनेच्या कलम 23 खाली येणारी वेठबिगारी, मग ते काम दुष्काळाचे असो की आणखी कशाचे. सरकार मदत करते म्हणून मजुरी कमी, हा युक्तिवाद टिकला नाही. हंगामी कामगारांसाठी आपण जे भांडतो, त्याला या निकालाचा फार मोठा आधार आहे.

पण निकाल लागला म्हणून मस्टर उघडले नाही. 1 मे 1990 ला, कामगार दिनी, भीम या गावी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. अरुणा रॉय यांनी आयएएसची नोकरी 1975 मध्येच सोडली होती. शंकर सिंग आणि निखिल डे त्यांच्याबरोबर होते. मागणी किमान वेतनाची होती. उत्तर ठरलेले असायचे : तुम्ही काम पूर्ण केले नाही, रेकॉर्डमध्ये तसे लिहिले आहे. रेकॉर्ड दाखवा म्हटले की ते गोपनीय. तेव्हा त्यांनी ठरवले की आता भांडण रेकॉर्डसाठी.

2 डिसेंबर 1994 ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. कागद मिळवून मस्टरवरची नावे गावासमोर मोठ्याने वाचली. मेलेल्यांची नावे निघाली. कधी कामावर न गेलेल्यांची निघाली. ऐकणारे उठून सांगू लागले, मी तिथे नव्हतो, हा अंगठा माझा नाही. बंधूंनो, आम्ही हे वाचले तेव्हा आम्हाला पगाराचा तो दिवस आठवला. वाचणारा एकटा पोरगा असला तर त्याला धपाटा मिळतो. सगळे गाव ऐकत असले तर मस्टर मिटता येत नाही.

मग 1996 च्या एप्रिलमध्ये ब्यावरच्या चांग गेटला चाळीस दिवस धरणे झाले. ब्यावर हे जुन्या कापडगिरण्यांचे, कामगार चळवळीचे गाव. भाजीवाल्यांनी धरणेकऱ्यांना भाजी पुरवली, तिथल्या कामगार संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. पुढल्या वर्षी मे महिन्यात या जयपुरातच सचिवालयाजवळ धरणे बसले, ते त्रेपन्न दिवस चालले. आणि शेवटी सरकारने काय सांगावे? की पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात निघालेला आहे! माहिती देण्याचा नियम, आणि त्याचीच माहिती कोणाला नाही. आमच्या खात्यात परिपत्रक कपाटात राहण्याचे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले, पण याच्यापुढे ते काहीच नव्हेत. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा 2000 मध्ये झाला, देशाचा 2005 मध्ये.

इथे महाराष्ट्राचा धागा जोडावा लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल सेक्रेटरी राजस्थानचेच गुणगान गातात. कामाची हमी ही कल्पना आपली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव भागात तिचा प्रयोग केला, दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे वचन कायद्याने देणारे आपले राज्य पहिले. पण एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. देशात सर्वांत बळकट जिल्हा परिषदा महाराष्ट्रात, आणि रोजगार हमी मात्र आपण जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांकडे दिली. निवडलेली माणसे बाजूला, मस्टर महसूल आणि अभियंत्यांच्या हाती. काम मिळाले, पण कागद वाचायचा हक्क मिळाला नाही. आपण काम दिले, राजस्थानने कागद दिला. दोन्ही एकत्र आले ते 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात.

2 फेब्रुवारी 2006 ला तो 200 जिल्ह्यांत सुरू झाला. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस. निम्मी तरी कामे ग्रामपंचायतीमार्फत. कामांची यादी ग्रामसभेने करायची, ती गटाला, जिल्ह्याला, राज्याला आणि मग दिल्लीला जायची. सामाजिक अंकेक्षणही ग्रामसभेनेच करायचे. अकुशल मजुरीचा सगळा खर्च दिल्लीने उचलायचा. राजस्थानात पंचायतीच्या भिंतींवर कोणी किती दिवस काम केले आणि किती पैसे मिळाले हे रंगवले गेले. भिंत काही कपाटात ठेवता येत नाही.

टपाल बांधवांना पुढची गोष्ट आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2008 पासून मजुरी रोख न देता बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात जाऊ लागली. मुकादमाच्या हातातून पैसा सुटला, हे चांगले झाले. पण तो पडला कोणाच्या अंगावर? शाखा टपाल कार्यालयातल्या ग्रामीण डाक सेवकाच्या, ज्याला पूर्वी आपण ईडी म्हणत होतो. खाती शेकड्याने वाढली, माणूस तोच, रोकड मुख्य कार्यालयातून येईल तेव्हा. मजूर बाया सकाळपासून ओट्यावर बसलेल्या. मजुरी अडकली असेल गटाच्या कार्यालयात नाहीतर दिल्लीच्या संगणकात, शिवी मात्र खाणार खिडकीतला आमचा माणूस. आणि तो स्वतः अजून नियमित कर्मचारी नाही. खेड्यात विकास नेणारा प्रत्येक शेवटचा माणूस असाच आहे : डाक सेवक, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक, इथली साथिन. काम सरकारचे, पण तो सरकारचा नाही. ग्रामविकासाच्या कोणत्याही आराखड्यात ही पायरी काढलेली नसते, कारण ती काढली तर वेतनश्रेणी द्यावी लागेल.

कायदा म्हणत होता की पंधरा दिवसांत मजुरी, उशीर झाला तर भरपाई. उशिराचा हिशेब कसा ठेवला ते पाहा. मस्टर बंद होऊन पैशाचा आदेश निघेपर्यंतचे दिवस मोजायचे, तो राज्याचा उशीर. आदेश निघाल्यावर दिल्लीहून पैसे खात्यात पडेपर्यंत जे दिवस जातात ते मोजायचेच नाहीत. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मजुराला उशीर म्हणजे उशीर, तो कोणत्या पायरीवर झाला हा त्याचा प्रश्न नाही. ओव्हरटाइमचे बिल कोणत्या टेबलावर अडले हे विचारत फिरणाऱ्या आपल्या सभासदांना हे पटकन समजेल.

आणि मस्टर पुन्हा मिटू लागले आहे, हे आम्हाला आज मुख्यत्वे सांगायचे आहे. 2023 पासून हजेरी मोबाइलवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो. 2024 पासून मजुरीसाठी आधारची जोडणी सक्तीची झाली. चोरी थांबावी म्हणून हे केले, असे सांगतात. चोरी थांबावी, आम्हाला आनंदच आहे. पण नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही आणि त्या दिवसाची मजुरी गेली, तर ती बाई कोणाला विचारणार? मेट म्हणतो मोबाइल, गट म्हणतो सर्व्हर, जिल्हा म्हणतो दिल्ली. पूर्वीचा मुकादम निदान समोर तरी बसलेला होता. राजस्थान सरकारने 2019 मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून ही माहिती कोणालाही पाहता येईल अशी केली, ते चांगले पाऊल. तरीही पोर्टल म्हणजे भिंत नव्हे. भिंत येता-जाता दिसते.

2025 च्या डिसेंबरात संसदेने 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस लिहिले 125. शंभराचे सव्वाशे झाले म्हणून टाळ्या पडल्या. पण बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलायचा आहे, हे त्याच कागदावर आहे. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, ते काम मागणाऱ्याला काय सांगेल, याचा अंदाज व्यवसाय कर भरणाऱ्या माणसाने करावा. पैसे एका पायरीने द्यायचे, नियम दुसरीने करायचे आणि शिव्या तिसरीने खायच्या, ही पद्धत रेल्वेतही काही वेगळी नाही.

आपण काय करायचे? आम्ही मोठ्या गोष्टी सांगत नाही. आपले सभासद दरवर्षी निवृत्त होतात आणि पुष्कळसे गावी परततात. त्यांना मस्टर वाचता येते, मोजमाप कळते, अर्ज लिहिता येतो, आणि कामावरून काढून टाकण्याची भीती त्यांना उरलेली नसते. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा आहेत : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. झेंडावंदन झाले की आपण घरी जातो आणि ग्रामसभा कागदावर होते. तिथे थांबावे. वर्षभरात झालेल्या एका तरी कामाचे हजेरीपट मागावेत आणि सभेत मोठ्याने वाचायला लावावेत. एकट्याने मागू नये. आम्ही ते करून पाहिले आहे.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा मराठी नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की चालतो, केंद्राच्या कार्यालयासाठी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि ती कुठे मिळते हे या सभागृहात तरी सांगावे लागू नये. नमुन्यात गावाचे नाव, कामाचे नाव आणि वर्ष यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. जाताना प्रत्येकाने दोन प्रती घ्याव्यात, एक आपल्या गावासाठी आणि एक शेजारच्या.